युद्धातल्या लैंगिक हिंसेनंतर गावोगाव फिरणारं प्रदर्शन: कसं उभारावं, कसं फिरवावं

युद्धातल्या लैंगिक अत्याचाराची इजा युद्धविरामाच्या दिवशी थांबत नाही. बाई घरी परत येते तेव्हा नवरा नांदवायला तयार नसतो, दीर जमिनीत वाटा देत नाहीत, पोटी आलेल्या मुलाला शाळेत बापाचं नाव विचारलं जातं आणि ती चार बायकांत जाऊन बसली की बोलणं थांबतं. ही दुसरी इजा सैनिक करत नाहीत. ती शेजारी करतात, नातेवाईक करतात, कधी कधी सख्खी आईही करते. म्हणून ती भरून काढण्याचं कामसुद्धा त्याच माणसांमध्ये व्हायला हवं. राजधानीतलं स्मारक कितीही भव्य असलं तरी गावातला दीर ते पाहायला जात नाही, आणि ज्या बाईबद्दल ते उभारलंय तिच्याकडे बसभाड्याचे पैसे नसतात.

फिरत्या प्रदर्शनाची गरज इथे सुरू होते. संग्रहालयात काम करणारे, स्त्री-संघटनांचे कार्यकर्ते, युद्धोत्तर भागात काम करणारे शिक्षक आणि समुपदेशक यांच्यापैकी कुणी असं प्रदर्शन करायचं मनात आणत असेल, तर त्यांच्यासाठी हा लेख आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. लैंगिक हिंसा माणसाचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क हिरावून घेते. सोसलेल्या बाईची हकिकत तिच्या मर्जीबाहेर गावोगाव फिरली, तर हिरावून घेण्याचाच तो प्रकार पुन्हा घडतो. तेव्हा काय सांगायचं, कुठे न्यायचं आणि कधी उतरवायचं याचा शेवटचा शब्द ज्यांनी सोसलं त्यांचाच असला पाहिजे. हे जमणार नसेल तर प्रदर्शन करू नये.

नेमकं काय साधतं

कोसोव्होत १९९८-९९ च्या युद्धात झालेल्या बलात्कारांबद्दल पुढची दीड दशकं जवळजवळ कुणी बोलत नव्हतं. २०१५ साली अल्केता जाफा म्रिपा या कलावतीने लोकांकडून पोशाख मागितले. ती आणि तिचे सहकारी गावोगाव फिरले, बायकांनी आपले झगे, स्कर्ट आणून दिले. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्ष आतिफेते याह्यागा यांनीही दिला. १२ जून २०१५ रोजी प्रिश्तिनाच्या फुटबॉल मैदानात सुमारे ५,००० पोशाख दोऱ्यांवर वाळत घातल्यासारखे टांगले गेले. ते दृश्य जगभर छापून आलं, पण मला त्याच्या आधीचा प्रवास जास्त महत्त्वाचा वाटतो. पोशाख कुणीही देऊ शकत होतं. देणारी बाई स्वतः अत्याचार भोगलेली आहे, की बहिणीसाठी देतेय, की नुसती सोबत म्हणून देतेय, हे कुणाला कळत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं. एकही शब्द न बोलता सहभागी होण्याची वाट तिथे होती, आणि ती वाट चालताना बाई एकटी पडत नव्हती.

प्रदर्शन जे साधतं ते असं. ‘हे माझ्या एकटीच्याच बाबतीत झालं’ हा समज मोडतो. लाजेचं ओझं जिच्यावर अत्याचार झाला तिच्या खांद्यावरून करणाऱ्याच्या खांद्यावर सरकायला लागतं. गप्प राहून दुरावलेल्या शेजाऱ्यांना बोलायला निमित्त मिळतं. आणि अगदी व्यवहाराची बाब म्हणजे वैद्यकीय मदत, भरपाई, कायदा यांची माहिती जिथे कधी पोचली नव्हती तिथे पोचते. प्रदर्शन हा मानसोपचार मात्र नव्हे, आणि ते न्यायालयाची जागाही घेऊ शकत नाही. निधी देणाऱ्यांना पाठवायच्या अर्जात ‘या प्रदर्शनामुळे समाज बरा होईल’ असं लिहू नका. ते खरं नसतं, आणि पुढे त्याच वाक्याच्या दबावाखाली बायकांकडून ‘आता मी बरी आहे’ असं वदवून घ्यायचा मोह होतो.

पहिली पायरी: कुणाला हवंय ते विचारा

बहुतेक ठिकाणी उलटं होतं. आधी संग्रहालयाला कल्पना सुचते, निधी मिळतो, तारीख ठरते आणि मग ‘कुणीतरी बोलायला तयार असलेली’ बाई शोधली जाते. हा क्रम बदला. आधीपासून एकत्र आलेल्या स्त्रियांच्या गटाकडे जा. उत्तर युगांडात लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर सेनेने पळवून नेलेल्या आणि बंदिवासात मुलं झालेल्या स्त्रियांनी गुलू भागात ‘विमेन्स ॲडव्होकसी नेटवर्क’ उभं केलं होतं. कॅनडातल्या विनिपेग इथल्या मानवाधिकार संग्रहालयाने ‘ओदोदो वा’ हे युद्धातल्या मुलींबद्दलचं प्रदर्शन केलं ते युगांडातल्या या स्त्रियांसोबत. एव्हलिन अमोनी आणि ग्रेस अचान यांच्या हकिकती त्याच्या मध्यभागी आहेत. दोघी आधीपासून स्वतःच्या नावाने लिहीत, बोलत होत्या. ग्रेस अचान १० ऑक्टोबर १९९६ च्या रात्री अबोके इथल्या शाळेतून पळवलेल्या १३९ मुलींपैकी एक. शाळेतल्या एका ननने पाठलाग करून १०९ मुली परत आणल्या, ३० मागे ठेवल्या गेल्या, त्यांत ती होती. अशा स्त्रिया प्रदर्शनाचा ‘विषय’ नसतात. मांडणी काय असावी हे त्या ठरवतात.

गटाशी पहिल्या बैठकीत विचारायचे प्रश्न साधे आहेत. हे प्रदर्शन तुम्हाला कशासाठी हवंय? कुणी पाहावं असं वाटतं, कुणी पाहू नये असं वाटतं? कशाची भीती वाटते? ‘नकोच’ असं उत्तर आलं तर ते स्वीकारा. कधी कधी बायका म्हणतात, प्रदर्शन राहू दे, आधी मुलांची फी भरायची सोय करा. तेही ऐका, कारण पोटाचा प्रश्न उभा असताना आठवणींची मांडणी करायला सांगणं क्रूरपणा आहे. बैठकींना येण्याचा प्रवासखर्च, बुडालेला रोजगार आणि पाळणाघराची सोय अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा. मात्र हे पैसे वेळेचे आहेत, हकिकतीचे नाहीत, हे सगळ्यांना स्पष्ट सांगा. नाहीतर जास्त भयानक हकिकतीला जास्त किंमत, असा समज पसरायला वेळ लागत नाही.

पुरुषांना विसरू नका. युद्धात पुरुषांवर आणि मुलग्यांवरही लैंगिक अत्याचार होतात आणि त्यांना बोलायला जागा आणखी कमी असते. युगांडात आश्रय घेतलेल्या अशा पुरुषांचा ‘मेन ऑफ होप’ हा गट आहे. त्यांची मांडणी स्त्रियांच्या मांडणीत सहज मिसळेल असं धरून चालू नका. वेगळं बोला, वेगळं विचारा.

दुसरी पायरी: आधाराची सोय आधी, हकिकत नंतर

हकिकत ध्वनिमुद्रित करण्यापूर्वी समुपदेशक ठरलेला हवा. जिथे जिथे प्रदर्शन जाणार तिथला दवाखाना, कायदेशीर मदत, निवारागृह यांची यादी हवी, आणि त्या यादीतल्या प्रत्येकाशी प्रत्यक्ष बोलून खात्री केलेली हवी. जुन्या यादीतला बंद पडलेला फोन नंबर एखाद्या बाईच्या आयुष्यातला एकमेव प्रयत्न वाया घालवू शकतो.

कंबोडियात ख्मेर रूजच्या राजवटीत, १९७५ ते १९७९ या काळात, जोडप्यांची सक्तीने लग्नं लावली गेली आणि त्यांना शरीरसंबंध ठेवायला भाग पाडलं गेलं. नंतर तिथल्या विशेष न्यायालयाच्या कामाला जोडून भरपाईचा एक प्रकल्प झाला. त्यात नृत्यनाट्य होतं, गावोगाव नेलेलं प्रदर्शन होतं, पिढ्यांमधला संवाद होता, आणि मानसिक आरोग्यावर काम करणारी टीपीओ ही संस्था सुरुवातीपासून भागीदार होती. ही रचना मला फार मोलाची वाटते. समुपदेशक उद्घाटनाच्या दिवशी खुर्चीवर बसवलेला पाहुणा नव्हता, तो आखणीत होता. न्यायालयाने नोव्हेंबर २०१८ मध्ये सक्तीच्या विवाहाला मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरवलं.

स्वतःच्या चमूचीही काळजी घ्या. भाषांतर करणारी मुलगी दिवसभर हे शब्द तोंडाने उच्चारत असते, आणि बऱ्याचदा ती त्याच भागातली असते. तिला सुट्टी द्या, बोलायला माणूस द्या आणि नको वाटलं तर बाजूला होण्याची मुभा द्या.

तिसरी पायरी: संमती, आणि ती पुन्हा पुन्हा

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. ढाक्यात २६ मार्च १९९२ रोजी युद्धगुन्ह्यांबद्दल लोकांनी भरवलेल्या जन-अदालतीसाठी कुष्टिया जिल्ह्यातल्या काही स्त्रियांना आणलं गेलं. १९७१ च्या युद्धात त्यांच्यावर बलात्कार झाले होते. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रं छापून आली. गावी परतल्यावर त्यांना टोमणे, बहिष्कार आणि घरच्यांची लाज यांना तोंड द्यावं लागलं. मानववंशशास्त्रज्ञ नयनिका मुखर्जी यांनी पुढे या स्त्रियांमध्ये राहून ते नोंदवलं. आणणाऱ्यांचा हेतू चांगला होता. देशाने १९७१ च्या डिसेंबरातच अशा स्त्रियांना ‘बीरांगना’ म्हणून गौरवलं होतं. पण गौरव राजधानीत झाला आणि किंमत गावात मोजावी लागली. साक्ष कशी घ्यावी, कशी घेऊ नये याबद्दल मुखर्जींच्या कामातून नंतर मार्गदर्शक सूचना तयार झाल्या. २०२२ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेली मुराद संहिताही हाच मुद्दा जगभरच्या पत्रकार, संशोधक आणि तपास करणाऱ्यांसमोर ठेवते. नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या, इराकमधल्या यझिदी या अल्पसंख्याक समाजातल्या कार्यकर्त्या नादिया मुराद यांच्या नावाची ही संहिता कामाला बसण्याआधी चमूतल्या प्रत्येकाने वाचावी.

एका कागदावर एक सही, म्हणजे संमती नव्हे. ती तुकड्यातुकड्यांनी मागा. गटात सांगायची तयारी आहे का? आवाज मुद्रित करायला? लिहून भिंतीवर लावायला? खऱ्या नावाने की बदललेल्या? दूरच्या शहरात दाखवायला? स्वतःच्या जिल्ह्यात? स्वतःच्या गावात? इंटरनेटवर? प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं येऊ शकतं. बाई परदेशात चेहरा दाखवायला तयार असेल आणि शेजारच्या गावात आवाजही ऐकवायला तयार नसेल, यात काहीच विसंगत नाही. तिला धोका कुठे आहे हे तिला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं.

इंटरनेटबद्दल प्रामाणिक राहा. एकदा फोटो तिथे गेला की परत आणता येत नाही, हे तिला समजेल अशा शब्दांत सांगा, आणि आपला दहा वर्षांचा मुलगा उद्या मोठा झाल्यावर ते पाहील याचा विचार करायला वेळ द्या. पहिल्या भेटीत संमती घेऊच नका. मसुदा तिला वाचून दाखवा, तिच्या भाषेत, निवांत. मग थांबा. दुसऱ्या भेटीत पुन्हा विचारा, आणि प्रत्येक नव्या मुक्कामाआधी पुन्हा.

युद्धातून जन्मलेल्या मुलांची संमती हा वेगळा विषय आहे. आईने स्वतःची हकिकत सांगितली की मुलाची ओळखही उघडी पडते, आणि त्याला कदाचित अजून काही माहीतच नसतं. बोस्नियात अशी मुलं मोठी होऊन स्वतःची संघटना काढून बोलू लागली आहेत. मोठ्या मुलांशी स्वतंत्रपणे बोला. लहान मुलांच्या बाबतीत ओळख पटेल असं काहीही ठेवू नका.

वकिलाचा सल्लाही इथेच घ्यायचा. खटला चालू असेल किंवा पुढे होण्याची शक्यता असेल, तर प्रदर्शनासाठी सांगितलेली हकिकत आणि न्यायालयातली साक्ष यांतला बारीकसा फरक बचावपक्ष तिच्याविरुद्ध वापरू शकतो. तपास यंत्रणेसारखी उलटतपासणी करून तपशील गोळा करणं हे तुमचं काम नाही.

चौथी पायरी: काय दाखवायचं

माझा नियम कडक आहे. अत्याचाराचं दृश्य नको, फाटलेले कपडे नकोत, जखमांचे फोटो नकोत. त्यांच्यामुळे पाहणारा थिजतो, भोगलेल्या बाईला तो क्षण पुन्हा जगावा लागतो, आणि तिच्या साऱ्या आयुष्याचं मोजमाप त्या एका रात्रीवर येऊन थांबतं.

सारायेव्होतल्या ‘वॉर चाइल्डहुड म्युझियम’ची पद्धत इथे उपयोगी पडते. जानेवारी २०१७ मध्ये उघडलेलं हे संग्रहालय युद्धात वाढलेल्या मुलांच्या वस्तू जपतं. एक वस्तू आणि तिच्या मालकाने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला छोटा मजकूर. बस, एवढंच. पाहणारा स्वतः उरलेलं समजून घेतो. लैंगिक हिंसेबद्दलच्या प्रदर्शनातही वस्तू निवडताना आधीचं आयुष्य, तगून राहण्याची युक्ती आणि नंतरचं आयुष्य यांना जागा द्या. शाळेची वही, लपवून ठेवलेली चिठ्ठी, परत आल्यावर पहिल्या कमाईतून घेतलेलं शिवणयंत्र.

बोलायचं नसेल त्यांच्यासाठी हाताचं काम आहे. दक्षिण कोरियात जपानी सैन्याच्या लैंगिक गुलामगिरीतून वाचलेल्या काही वृद्ध स्त्रियांना ‘हाउस ऑफ शेअरिंग’ या निवासात चित्रकला शिकवली गेली. कांग दुक-क्युंग यांच्यासारख्यांची चित्रं पुढे कोरियाबाहेरही दाखवली गेली. शब्दांत जे पन्नास वर्षं आलं नव्हतं ते रंगांत आलं. कोलंबियात माम्पुहान गावच्या बायकांनी मार्च २००० मधलं आपलं विस्थापन कापडाचे तुकडे जोडून गोधड्यांवर शिवलं. एकत्र बसून शिवताना बोलावं लागत नाही, आणि बोलावंसं वाटलं तर नजरेला नजर न देता बोलता येतं. अशा कामासाठी वेळ भरपूर ठेवा. उद्घाटनाच्या तारखेसाठी शिवण घाईने उरकून घेऊ नका.

मजकूर लिहिताना क्रियापदांकडे बारीक लक्ष द्या. ‘तिच्यावर अत्याचार झाला’, ‘तिची अब्रू गेली’ अशी वाक्यं फलकावर आली की करणारा गायब होतो. ‘सैनिकांनी तिच्यावर बलात्कार केला’ असं लिहा. ‘अब्रू’, ‘इज्जत’, ‘कलंक’ हे शब्द फक्त लोक काय म्हणाले ते उद्धृत करताना वापरा. तिने स्वतःसाठी कुठला शब्द वापरावा हे मात्र तिने ठरवावं. कुणाला ‘पीडित’ चालतं, कुणाला अजिबात चालत नाही.

गुन्हेगारांची नावं हवीत की नकोत? न्यायालयाने दोषी ठरवलं असेल तर निःशंक लिहा. रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २ सप्टेंबर १९९८ रोजी आकायेसू खटल्यात बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो असा निकाल दिला. बोस्नियातल्या फोचा इथल्या अत्याचारांच्या खटल्यात २२ फेब्रुवारी २००१ रोजी लैंगिक गुलामगिरीला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत मोजलं गेलं. ग्वाटेमालात सेपूर झार्को इथल्या केक्ची या आदिवासी समाजातल्या स्त्रियांनी २६ फेब्रुवारी २०१६ रोजी माजी लष्करी अधिकारी आणि त्याच्या साथीदाराविरुद्ध खटला जिंकला. लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मीचा सेनानी डॉमिनिक ऑन्ग्वेन याला ४ फेब्रुवारी २०२१ रोजी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने सक्तीचा विवाह आणि सक्तीचं गर्भारपण यांसह अनेक गुन्ह्यांत दोषी ठरवलं. निकालातलं एक वाक्य भिंतीवर असलं की ‘हे खोटं आहे’ म्हणणाऱ्याशी बाईला स्वतः वाद घालावा लागत नाही. निकाल नसेल तिथे व्यक्तीचं नाव टाळा, पथकाचं किंवा तळाचं नाव वकिलाला विचारून लिहा.

सेपूर झार्कोच्या स्त्रिया न्यायालयात शालीने चेहरा झाकून बसल्या होत्या. ती त्यांची निवड होती आणि त्यांच्या साक्षीचं वजन त्यामुळे तसूभरही कमी झालं नाही. चेहरा दाखवणं म्हणजे धैर्य आणि झाकणं म्हणजे भिऊन राहणं, असा सूर प्रदर्शनात कुठेही उमटू देऊ नका.

आकड्यांबद्दल सावध राहा. कोसोव्होत २०,००० हा अंदाज सर्रास सांगितला जातो, बांगलादेशात दोन ते चार लाख. हे अंदाज आहेत, त्यांवर वाद आहेत, आणि नाकारणारे नेमके तिथेच बोट ठेवतात. आकडा लिहिलात तर कुणाचा अंदाज तेही त्याच ओळीत लिहा.

पाचवी पायरी: उचलून नेता येईल असं बांधा

सगळं एका जीपमध्ये मावलं पाहिजे आणि दोन माणसांना तासा-दोन तासांत लावता आलं पाहिजे. गुंडाळता येणारे कापडी फलक सर्वांत सोयीचे. वीज नसेल असं गृहीत धरा. जिथे वाचता येणारे कमी असतील तिथे आवाज लागतो, त्यासाठी बॅटरीवर चालणारे छोटे प्लेअर आणि हेडफोन घ्या. उघड्यावर स्पीकर लावून अशी हकिकत वाजवू नका, ती बाजारापर्यंत ऐकू जाते. मूळ वस्तू प्रवासात नेऊ नका, प्रतिकृती किंवा छायाचित्र न्या. ज्या वस्तूने ती जगली ती वस्तू खड्ड्यांच्या रस्त्यावर हरवली तर भरपाई कशानेच होणार नाही.

एक तांत्रिक बाब फार महत्त्वाची आहे. प्रत्येक हकिकत स्वतंत्र फलकावर ठेवा आणि फलकांना क्रमांक देऊ नका. कुणी आदल्या रात्री ‘माझं काढा’ म्हणाली तर फलक काढल्याची रिकामी जागा किंवा ‘पाच’नंतर थेट ‘सात’ असं काही दिसता कामा नये. संमती मागे घेण्याचा हक्क कागदावर असून उपयोग नाही, तो भिंतीच्या रचनेत बसवावा लागतो.

व्हीआर, म्हणजे आभासी दृश्य दाखवणाऱ्या चष्म्यांचा वापर आता होऊ लागला आहे. यझिदींच्या वंशसंहाराबद्दलच्या ‘नोबडीज लिसनिंग’ या फिरत्या प्रदर्शनात तो केला गेला, आणि सत्तेतल्या लोकांना सिंजार या इराकमधल्या यझिदींच्या भागात उभं केल्यासारखं वाटायला लावण्यात त्याची ताकद आहे. पण ज्यांनी ते प्रत्यक्ष पाहिलंय त्यांच्या डोळ्यांवर तो चढवू नये असं मला वाटतं. चष्म्याच्या आत माणूस एकटा असतो आणि नजर वळवून दाराकडे पाहू शकत नाही.

सहावी पायरी: वाट आखणं

बांगलादेशच्या मुक्तियुद्ध संग्रहालयाची बस जिल्ह्याजिल्ह्यांतल्या शाळांत जाते. मुलांना घरातल्या, गावातल्या वडीलधाऱ्यांकडून युद्धाच्या आठवणी लिहून आणायला सांगतात आणि त्या संग्रहालयाकडे जमा होतात. युगांडात रेफ्युजी लॉ प्रोजेक्ट या संस्थेचं ‘ट्रॅव्हलिंग टेस्टिमनीज’ हे फिरतं प्रदर्शन मुक्कामागणिक स्थानिक हकिकती जोडत वाढत गेलं. दोन्हींतून शिकण्यासारखं हे की गाव हा नुसता प्रेक्षक नसतो, त्याला भर घालता यायला हवी. मात्र लैंगिक हिंसेच्या बाबतीत शाळकरी मुलांना आजीची ‘मुलाखत’ घ्यायला पाठवू नका. तिथे लेखणी प्रशिक्षित माणसाच्या हातात हवी.

पहिला मुक्काम असा निवडा जिथे भोगलेल्यांचा गट मजबूत आहे आणि ज्यांच्या हकिकती भिंतीवर आहेत त्या तिथल्या नाहीत. त्यांचं स्वतःचं गाव त्या सांगतील तेव्हा, आणि सांगतील तरच. गावात आधी दोन-तीन भेटी द्या. वयस्कर बायका, सुईणी, आरोग्यसेविका, धर्मगुरू, शिक्षक, पंच यांना भेटा. विरोध करणाऱ्या वजनदार माणसाला टाळू नका, त्याला आधी एकट्याला प्रदर्शन दाखवा. कधी कधी त्याच्याच घरात न बोललेली हकिकत असते.

जागा निवडताना पोलीस ठाणं, छावणी, पक्ष कार्यालय यांच्यापासून लांब राहा. निवडणुकीचा आणि कापणीचा हंगाम टाळा. त्या गावात अत्याचार करणारे राहतात का, हे दबक्या आवाजात पण नक्की विचारा. युद्धोत्तर प्रदेशात बहुतेक वेळा राहतात.

धमक्यांची तयारी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या आइची त्रैवार्षिकी या कलामहोत्सवात लैंगिक गुलामगिरीतल्या मुलीचं प्रतीक असलेला पुतळा ज्या दालनात होता ते धमक्यांमुळे तीन दिवसांत बंद करावं लागलं आणि ऑक्टोबरमध्ये मोजक्या दिवसांसाठी पुन्हा उघडलं. एवढ्या मोठ्या आयोजकांची ही गत, तर गावातल्या सभागृहाची काय असेल? कोण निर्णय घेणार, फलक किती मिनिटांत उतरणार, नोंदवही कुणाच्या ताब्यात राहणार आणि भोगलेल्या स्त्रियांना घरी कोण पोचवणार, हे लिहून ठेवा.

सातवी पायरी: मुक्कामाचा दिवस

दाराशीच आत काय आहे ते सांगणारा माणूस उभा करा. मांडणी अशी ठेवा की प्रत्येक ठिकाणाहून बाहेरचं दार दिसेल. उलट पावली परतायला लागू नये, गर्दीच्या मधून जायला लागू नये. शेजारी एक शांत खोली, पाणी, बसायला चटया आणि समुपदेशक. तिच्यावर ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी नको, नाहीतर आत जाणारी प्रत्येक बाई ओळखली जाते. चहापाण्याची जागा म्हणून ती उघडी ठेवली की कुणीही तिथे टेकतं.

फक्त स्त्रियांसाठी काही तास राखून ठेवा. पुरुषांसाठी वेगळी बैठक घ्या आणि ती गावातल्याच मानाच्या पुरुषाकडून चालवून घ्या. तिथे होणारी चर्चा मला सर्वांत कळीची वाटते, कारण बाईला घरात घेणं, मुलाला नाव देणं, जमिनीत वाटा देणं हे निर्णय बऱ्याच ठिकाणी पुरुषांच्या हातात असतात. मोबाइलने फोटो काढायला पूर्ण बंदी ठेवा.

मार्गदर्शकांना काय बोलायचं यापेक्षा काय बोलायचं नाही याचं शिक्षण जास्त द्या. ‘ती पळून का नाही गेली?’ असा प्रश्न हमखास येतो. त्याचं शांत उत्तर तयार हवं: बंदूक कुणाच्या हातात होती, पळणाऱ्यांचं काय केलं जाई. भोगलेल्या बाईला तिच्या फलकाशेजारी उभं करून दर तासाला बोलायला लावू नका. ती स्वतःहून बोलली तर तिला साथ द्या, ती मागे बसून लोकांचे चेहरे पाहत राहिली तरी तेवढंच मोलाचं आहे.

आणि पाहता पाहता एखादी बाई हळूच म्हणेल, ‘माझ्याही बाबतीत झालंय.’ त्या वेळी वही बाजूला ठेवा. ऐका. ‘तुमचा दोष नव्हता’ एवढं सांगा. तपशील विचारू नका, न्याय मिळवून देईन असं वचन देऊ नका, तिच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगू नका. तिला हवं असेल तर समुपदेशकाशी गाठ घालून द्या, आणि पुन्हा कधी, कुठे भेटता येईल ते सांगा.

आठवी पायरी: निघून गेल्यानंतर

प्रदर्शन आलं, सगळे रडले, गाडी निघून गेली आणि बाई त्याच गावात उरली, यासारखं नुकसान नाही. म्हणून काही आठवड्यांनी परतभेट ठरवूनच निघा. कुणाला त्रास झाला का, कुणी घर सोडायला लावलं का, कुणाला बोलायचंय का ते पाहा. गटाची इच्छा असेल तर फलकांची एक प्रत तिथल्या शाळेत किंवा आरोग्यकेंद्रात ठेवा.

भरपाईच्या योजना असतील तर त्यांची माहिती प्रदर्शनासोबतच न्या. कोसोव्होत २०१८ पासून युद्धातल्या लैंगिक हिंसेतून वाचलेल्यांना महिना २३० युरोपर्यंत निवृत्तिवेतनासाठी अर्ज करता येऊ लागला. इराकमध्ये १ मार्च २०२१ रोजी यझिदी आणि इतर समाजांतल्या वाचलेल्या स्त्रियांसाठी कायदा मंजूर झाला. बांगलादेशात २०१५ पासून बीरांगनांना मुक्तियोद्धा म्हणून सरकारी मान्यता मिळू लागली. पण अर्ज कुठे करायचा, कागद कोणते, आणि सगळ्यात मोठं म्हणजे घरच्यांना न कळता करता येईल का, हे खेड्यातल्या बाईला कोण सांगणार? दोन दिवस तिथे बसलेली माहितगार कार्यकर्ती अनेकदा सगळ्या फलकांपेक्षा जास्त उपयोगी ठरते.

यश मोजताना पाहुण्यांचा आकडा बाजूला ठेवा. बायकांच्या गटात नव्या कुणी आल्या का? आरोग्यकेंद्राकडे चौकशी वाढली का? मुलांना चिडवणं कमी झालं असं शिक्षक सांगतात का? आणि ज्यांच्या हकिकती होत्या त्यांना विचारा, पुन्हा करायचं का. त्यांचं ‘नाही’ हाही निष्कर्ष आहे, तो अहवालात जसाच्या तसा लिहा.

शेवटी मालकीचा करार, जो खरं तर पहिल्याच महिन्यात लिहून ठेवायचा असतो. ध्वनिमुद्रणं, गोधड्या, चित्रं, फोटोंच्या फाइली कुणाच्या? फिरणं संपल्यावर त्या कुठे जाणार, कोण उघडू शकणार, बाईच्या मृत्यूनंतर कुणाला विचारायचं? निधी देणारी संस्था बंद झाली तर? माझ्या मते मूळ सामग्री स्त्रियांच्या गटाची, आणि संग्रहालयाकडे ती उसनी. संकेतशब्द दोघांकडे, पण पुसून टाकण्याचा अधिकार गटाकडे. हे मान्य नसलेली संस्था कितीही मोठी असो, तिच्यासोबत पहिली हकिकत मुद्रित करायला बसू नका.